चित्र हलत नाही

साइटवर त्याला सगळे पंखा म्हणत. खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी निघायचं. पिवळं हेल्मेट घालून तो क्रेनखाली उभा राहिला की त्याचे दोन्ही हात सुरू व्हायचे, आणि उंचावर काचेच्या खोलीत बसलेला ऑपरेटर त्या हातांकडे बघून लोखंडाचे भारे उचलायचा, फिरवायचा, अलगद टेकवायचा. बोट गोल फिरलं की हूक वर. तळवा दाबला की हळूहळू खाली. मूठ आवळली की आहे तिथे थांब. तोंडातून एक शब्द नाही. त्याच्या हातांखाली कितीतरी इमारती उभ्या राहिल्या आणि कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नाही. याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायची गरज त्याला कधी वाटली नाही.

घरीही तीच तऱ्हा. पाणी हवं तर अंगठा तोंडाकडे, टीव्हीचा आवाज नको तर तळवा खाली. बायको एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. दिवसभर उभी राहून घरी आलेली ती बाई हे इशारे बघून पाणी आणायची, टीव्ही बारीक करायची. एखाद्या दिवशी मात्र म्हणायची, "अहो, मी काय क्रेन आहे का?" यावर तो हसायचा. त्याच्या हसण्यालाही आवाज नसायचा.

मग काम नव्या कंपनीकडे गेलं. नवी इमारत इतकी उंच होणार होती की वरून खालचा माणूसच दिसणार नव्हता, त्याचे हात तर सोडाच. ऑपरेटर येणार देशोदेशींचे. म्हणून वॉकीटॉकीवर बोलायचं आणि इंग्रजीतच बोलायचं, असं ठरलं. सुपरवायझरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "परीक्षा आहे. पास झालास तर क्रेनखालीच राहशील. नाहीतर स्टोअरला पाठवतील."

स्टोअर म्हणजे तळघरातली ट्यूबलाइटची खोली. खिडकीतून हातमोजे आणि नटबोल्ट द्यायचे, सही घ्यायची, पुन्हा बसायचं. पगारात फरक नव्हता. पण त्या खोलीत आपण महिनाभरात मरू, असं त्याला मनापासून वाटलं. त्या दिवशी जेवताना तो दोनदा ताटावरून उठला आणि कशासाठी उठलो ते न आठवल्याने परत बसला.

परीक्षाही विचित्र होती. एका खोलीत आपण, कानाला हेडफोन, समोर एक चित्र. दुसऱ्या खोलीत परीक्षक, त्याच्यापुढे चार चित्रं, जवळजवळ सारखीच. आपण एका मिनिटात इंग्रजीत वर्णन करायचं आणि त्याने चारातलं आपलं ओळखायचं. त्याने चुकीचं उचललं की आपण स्टोअरमध्ये.

औषधांच्या दुकानावरच्या माळ्यावर एक बाई इंग्रजी बोलायला शिकवायच्या. तिथे तो जाऊ लागला. बाई चित्रांची कार्डं वाटायच्या आणि दोघांना पाठीला पाठ लावून बसवायच्या. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकून कागदावर काढायचं. त्याच्या वाट्याला एक न्हावी आला होता. त्या गृहस्थाला कुठल्याही चित्रात फक्त केस दिसायचे. पूर आलेल्या नदीचं चित्र दिलं तरी तो नावाड्याच्या भांगापासून सुरुवात करायचा. पण निदान तो वर्णन तरी करायचा. आपल्या पंख्याचं दुखणं वेगळंच होतं.

पहिल्या दिवशी त्याला चौकाचं चित्र मिळालं. त्याने घसा साफ केला आणि सुरू झाला. "कार, गो लेफ्ट. स्लो. स्लो. लेडी, गो बॅक. मोअर बॅक. स्टॉप." आणि दोन्ही हात हवेत.

वर्गात हसू फुटलं. न्हाव्याने कागदावर नुसते बाण काढले होते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चित्र हलत नाही हो. तुम्ही त्याला हलवू नका. जे आहे ते फक्त सांगा."

ऐकायला सोपं होतं. पण त्याची पंचाईत अशी, की जी वस्तू हलवायची नाही तिच्याकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं. भारा कुठे आहे आणि कुठे गेला पाहिजे, एवढंच त्याला दिसायचं. नुसतं असणं, बसणं, उभं राहणं, या गोष्टींकडे बघायचं कशाला आणि त्यात सांगायचं काय, हेच त्याला कळेना. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं जे हात लोकांचे जीव वाचवत आले, ते खाली ठेवायला सांगणारी ही बाई कोण?

बाईंनी घरी सरावाला कार्डांचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, ऐकणाऱ्याला चित्रही दिसता कामा नये आणि तुम्हीही. त्यामुळे संध्याकाळी बायको ओट्याशी त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची आणि तो मागे खुर्चीत बसून तिच्या पाठीला इंग्रजी ऐकवायचा.

तिला तरी इंग्रजी कुठे येत होतं? जे येत होतं ते कपड्यांना शिवलेल्या पट्ट्यांवरून. वॉश, ड्राय, कोल्ड वॉटर, डू नॉट ब्लीच. पण तेवढ्यावर तिने परीक्षकाची खुर्ची पटकावली. याचे हात वर गेले की खुर्ची करकरायची, आणि ती मागे न बघता म्हणायची, "डू नॉट."

"अगं, हात नाही हलवले तर शब्द सुचत नाहीत."

"मग हातांवर बसा."

तो खरोखर हातांवर बसला. मांड्यांखाली हात दाबून, गुडघे हलवत, कार्ड टेबलावर उभं करून बोलत राहिला. "धिस इज अ रूम. देअर इज अ विंडो. अ लेडी इज सिटिंग." आणि गाडी अडली.

"कशी आहे ती?" बायकोने विचारलं.

"सांगितलं ना, सिटिंग."

"ते कळलं. सुखात आहे का?"

"परीक्षेत सुख विचारत नाहीत." त्याने कार्ड उलटं टाकलं आणि उठून खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. तीन पावलांत भिंत यायची, तिथून मागे. तिने भाजी परतली, झाकण ठेवलं आणि त्याची येरझार संपायची वाट बघत राहिली. ती लवकर संपली नाही.

ते दिवस वाईट गेले. बसस्टॉपवर तो पुटपुटायचा, अ मॅन इज वेटिंग, अ डॉग इज स्लीपिंग, आणि शेजारचा माणूस जरा सरकून उभा राहायचा. साइटवर पूर्वी चालता चालता मूठ आवळणारा तो आता इशारा करायच्या आधी अडखळू लागला. एकदा ऑपरेटरने वरून भोंगा वाजवून विचारलं, काय रे बाबा, जागा आहेस ना? एक भाषा येत नव्हती आणि दुसरी सुटायला लागली होती.

त्या संध्याकाळी त्याने स्वतःहूनच ते खिडकीतल्या बाईचं कार्ड काढलं. बायको पाठ करून उभी राहिली. तो बराच वेळ चित्राकडे बघत बसला. इतका, की तिने विचारलं, "आहात ना?"

"टी इज कोल्ड," तो म्हणाला.

"काय?"

मग तो मराठीतच म्हणाला, "तिचा चहा गार झालाय गं. चित्रात वाफ काढलेली नाही. कप भरलेला आहे आणि तिचं लक्ष बाहेर आहे. सुखात नाहीये ती."

बायको ओट्याशी तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "हं. आता हेच इंग्रजीत सांगा." आणि तिच्या आवाजावरून त्याला कळलं की आज आपल्याला काहीतरी जमलंय. त्यानंतर ती रोज नवनवीन विचारायची. कोण कुणाकडे बघतंय, कोण रुसलंय, बूट कुणाचे आहेत. तो शोधायचा आणि सांगायचा. इंग्रजीत सुरू व्हायचं, अडलं की मराठीत, आणि मराठीत एकदा गेलं की लवकर परत यायचं नाही. संसारात दोघे इतकं कधी बोलले नव्हते, आणि बोलत होते ते सगळं कार्डावरच्या परक्या माणसांबद्दल.

परीक्षेच्या दिवशी त्याने हेडफोन लावला तेव्हा त्याचे गुडघे टेबलाखाली एवढे उडत होते की पेन घरंगळून खाली पडलं. समोर चित्र आलं. जेवणाचं टेबल, आईवडील, दोन मुलं, एक म्हातारा. त्याच्या तोंडात पहिल्यांदा काय आलं असेल? "बॉय, गो..." तिथेच त्याने जीभ चावली. हात मांड्यांखाली सरकवले. टेबल सांगितलं, माणसं सांगितली, दिवा सांगितला. मिनिट संपत आलं होतं आणि त्याला नक्की माहीत होतं की एवढं तर चारही चित्रांत असणार. इथे ती असती तर काय विचारलं असतं?

"द ओल्ड मॅन," तो म्हणाला, "इज नॉट लुकिंग ॲट द फूड. एव्हरीबडी इज ईटिंग. ही इज लुकिंग ॲट द एम्प्टी चेअर."

परीक्षकाने बरोबर चित्र उचललं. उरलेल्या तिन्हींत म्हातारा ताटात बघत होता.

घरी त्या दिवशी गोड केलं गेलं. बायकोने लाँड्रीतल्या सगळ्या जणींना सांगितलं की नवऱ्याचं इंग्रजी पक्कं झालं, आणि ते तिनेच करून घेतलं. यात खोटं काही नव्हतं.

नव्या इमारतीवर कामाचा पहिला दिवस उजाडला. त्याच्या हातात वॉकीटॉकी दिला. तो सवयीने मोकळ्या जागेत, क्रेनला दिसेल असा जाऊन उभा राहिला. सुपरवायझर म्हणाला, "तिथे उन्हात कशाला? इथे पत्र्याखाली ये. कुठूनही बोललास तरी चालतं." तो पत्र्याखाली गेला. "अप. स्लो. लेफ्ट. स्टॉप." वरून एक अनोळखी आवाज दर वेळी ओके म्हणायचा. भारे अचूक टेकत होते. दुपारी त्याने मान वर करून बघितलं. उंचावर नुसता धुरकट उजेड होता. काचेची खोली दिसत नव्हती, तिच्यातला माणूस दिसत नव्हता. काम झकास झालं. सुपरवायझरने पाठ थोपटली.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "कसं झालं?"

"चांगलं झालं."

"मग चेहरा असा का?"

त्याने हेल्मेट ठेवलं, उचललं, दुसरीकडे ठेवलं. खिडकीपाशी गेला, परत आला. खुर्चीत बसला आणि उठला. मग म्हणाला, "तू जरा पाठ कर बरं."

"आता कशाला? परीक्षा झाली की."

"कर म्हटलं ना."

ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मागे बराच वेळ खुर्ची करकरत होती. मग करकर थांबली.

"देअर इज अ मॅन," तो म्हणाला. "ही इज वेअरिंग अ यलो हेल्मेट. ही इज स्टँडिंग. ही इज टॉकिंग. एव्हरीथिंग इज ओके." तो थांबला. "नोबडी इज लुकिंग ॲट हिम."

लुकिंग ॲट म्हणजे काय, ते तिला सांगावं लागलं नाही. कोण कुणाकडे बघतंय, हा तर तिचाच रोजचा प्रश्न होता. तिने गॅस बंद केला आणि वळली.

"मी सांगितलं का वळायला?" तो चिडून म्हणाला.

"नाही," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघत राहिली.