मागचा डावा स्पीकर

घड्याळजींची खोली एवढीशी, की पाच स्पीकर मांडायचे तर माणसांनी जिन्यात झोपावं. तरी बायकोच्या हौसेखातर दोघं स्पीकरच्या दुकानात आली. विक्रेत्याने घड्याळजींना मधल्या खुर्चीत बसवून एकेक स्पीकर वाजवून दाखवला.

"हा मागचा डावा, काका. सिनेमातली पावलं मागून कशी येतात ऐका."

घड्याळजी वाट पाहत राहिले. "बिघडलाय वाटतं," ते म्हणाले.

"अहो, केवढ्यांदा वाजतोय!" बायको हसली.

तीस वर्षं घड्याळजी दुरुस्त केलेलं घड्याळ डाव्या कानाशी धरूनच गिऱ्हाइकाला देत आले होते. हल्ली कितीतरी घड्याळं बंद वाटली म्हणून त्यांनी पुन्हा उघडली होती, आणि यंत्रालाच दोष दिला होता. त्यांनी हळूच मान वळवली. उजव्या कानात पावलं वाजली.

"आलं, आलं ऐकू. घेऊन टाकू हाच."

बायकोचं हसू मावळलं. तिने त्यांची मान सरळ केली आणि डाव्या कानामागे चुटकी वाजवली. घड्याळजी तसेच बसून राहिले.

"स्पीकर राहू द्या," ती विक्रेत्याला म्हणाली, "इथे जवळ कानाचे डॉक्टर कुठे आहेत?"