बायकोला दाखवायचा कागद

पारोळ्यात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा माझा शेजारी बोलताना समोरच्याकडे बघत नाही. माझ्या शर्टाच्या बटणाशी बोलतो. सांगायचं संपलं की वाक्याच्या मध्येच उठून जातो. त्याच्या भाच्याला डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला, तेव्हा लक्षणं ऐकून हा म्हणाला, "हाई ते बठ्ठं मनंच शे." ते सगळं त्याचंच वर्णन होतं.

पन्नाशीत तो तपासणीला जळगावला निघाला. सोबत मी होतो.

"आता डॉक्टरांचा कागद कशाला, भाऊ?" मी बसमध्ये विचारलं.

"बायकोले दाखाडानं शे. तिले वाटस, मी मुद्दाम बोलत नही."

निदान तेच निघालं. वहिनींनी कागद दोनदा वाचला. "माले वाटे, मनंच काहीतरी चुकस," त्या मला म्हणाल्या आणि रडू लागल्या. तो गोंधळला, आत गेला आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला.