दोरीच्या भोकापाशी

आई गेली त्या सकाळी मला प्रार्थना सुचत नव्हती. खिशात चर्चची किल्ली होती आणि ती मांडीला टोचत होती.

वणीकडच्या आमच्या गावातलं हे अँग्लिकन चर्च काळ्या दगडाचं, इंग्रज साहेबांनी स्वतःच्या उपासनेसाठी बांधलेलं. त्याच्या भिंतीत एक भोक आहे. आईचे आजोबा, म्हणजे आबा, बाहेर उन्हात बसून त्यातून आलेली दोरी ओढायचे आणि आत साहेबांच्या डोक्यावर पंखा हलायचा. दोरीनं दगडाला खाच पडली आहे. आजोबांनी कितीतरी वर्षं गीतं बाहेरूनच ऐकली; पुढे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ते दारातून आत गेले. म्हणून आमच्या घरचं मूल बाप्तिस्म्याला नेताना आधी त्याचा हात त्या खाचेला लावतात, मग दारातून आत नेतात. साहेब गेले आणि चर्च आमच्यासारख्या थोड्या कुटुंबांचं राहिलं.

चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी मी. छपराच्या मोठ्या तुळईला वाळवी लागल्याचं मला माहीत होतं, पण मी पुढच्या वर्षी बघू म्हणत राहिलो. तुळई वाकली तेव्हा दाराला कुलूप घातलं. उपासना शाळेच्या खोलीत होऊ लागली. आई तिथे कधी आली नाही. दर रविवारी, थंडीतसुद्धा, ती त्या भोकापाशी दगडावर बसून प्रार्थना करायची. तिच्या छातीतला कफ तिथलाच. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, मी म्हणतो. जाण्याआधी ती एवढंच बोलली, "बाबू, मले बाहेरूनच नको पाठवू. आबानं लय दिवस बाहेर काढले."

छप्पर कोसळलं तर जिवंत माणसं जातील, कबरीपाशी प्रार्थना पुरे, असं पाळकसाहेब म्हणाले. त्यांचं खरं होतं. मी एकटाच जाऊन कुलूप काढलं, तुळईकडे पाहिलं, दार पुन्हा ओढून घेतलं आणि आईच्या जागी बसून रडलो. "प्रभू, माझ्याच्यानं काही होत नाही," एवढंच तोंडून निघालं.

शेजारी एका घराच्या स्लॅबचं काम होतं. तिथला सेंट्रिंगवाला, पुसदकडच्या तांड्यावरचा, आवारातल्या हातपंपावर पाणी प्यायला आला.

"काहून रडून राह्यले, दादा?"

मी सगळं सांगितलं. त्यानं आत जाऊन वर पाहिलं. "सिमेंटची गाडी काही आज येत नाही. माह्या टेकू द्यायच्या बल्ल्या पडूनच हायेत. ओला स्लॅब पेलतात त्या, हे लाकूड नाही पेलणार?"

"जोखीम आहे, भाऊ."

"हाये ना. थोडं तुमच्या देवालेही धरू द्या. सारंच माह्या बल्लीवर?"

त्यानं तुळईखाली बल्ल्या ठोकून बसवल्या, त्या पाहून पाळकसाहेबही आत यायला तयार झाले. दुपारी आम्ही आईची शवपेटी भोकापाशी थांबवली. तिच्या वतीनं मी खाचेला हात लावला आणि तिला दारातून आत नेलं. बल्ल्यांच्या दाटीतून वाट काढावी लागली. प्रार्थना चालू असताना वाळवीचा भुसा पेटीवर पडत होता. तो माणूस शेवटपर्यंत एका बल्लीला खांदा लावून उभा होता.

संध्याकाळी त्यानं बल्ल्या नेल्या. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. दाराला पुन्हा कुलूप लागलं, तुळई अजून तशीच आहे, आणि आईला थंडीत बाहेर बसवल्याचं ओझंही उतरलेलं नाही. पण त्या दिवशी माझ्या हातात काही नसताना तिच्यासाठी दार उघडलं गेलं, याबद्दल मी रोज प्रभूचे आभार मानतो. किल्ली मी मंडळीच्या हवाली केली आहे. आता रविवारी आईच्या दगडावर बसतो. मला आत कधी घ्यायचं, ते प्रभूनं ठरवावं.