मेलबर्न–दिल्ली, आणि मध्येच नागपूर

गेल्या रविवारी बाबा जबलपूरच्या आकाशातून उडत गेले आणि मी खाली दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम करत होते.

मेलबर्न ते दिल्ली दहा हजार किलोमीटर, साडेबारा तास. वेबसाइटवर पाहून हे मी घरात इतक्यांदा सांगितलं होतं की नवरा म्हणाला, "आता पायलटलाही फोन करून सांग."

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बायपास झालेली. दादाकडे सहा महिने राहून एकटेच परत येत होते. मी दिल्लीला घ्यायला जाणार होते... पण सीमेवर लढाई सुरू झाली, फॅक्टरीत सगळ्यांच्या सुट्या रद्द झाल्या. पुढचं दिल्ली–जबलपूर विमानही रद्द.

आमचे फोन गेटवर जमा असतात. त्यामुळे विमान कुठे आलं असेल ते घड्याळ बघूनच ठरवत होते... बंगालचा उपसागर, रायपूर, मग आपण. हातात तपासणीचं काम आणि मनात एकच, ही लढाई आजच थांबावी. जवानांसाठी नाही, बाबांसाठी. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

शिफ्ट सुटल्यावर गेटवर फोन घेतला तर बाबांचे चार मिस्ड कॉल.

"अगं, मी नागपुरात!" दिल्लीचं आकाश बंद झालं म्हणून विमान तिथे उतरवलं होतं. "सगळे आतच बसून आहोत. इथंच उतरवून देतील, असं हे लोक म्हणून राहिले."

नागपूर... आमच्यापासून गाडीने पाच तास! खरंच उतरवलं तर हा माणूस दोन बॅगा घेऊन जाणार कुठे? पण सकाळी माझी शिफ्ट होती, आणि एकटीच्या अडचणीसाठी ती बुडवणं योग्य का, हेही सुटत नव्हतं. नवऱ्याने तोवर गाडी काढली. "काहून विचार करून राहिली? बस चुपचाप."

दिवेलागणीला अर्ध्या वाटेवरच्या सिवनीला पोचलो, एका ढाब्यावर थांबलो, तोच फोन आला. "उतरवत नाहीत. वापस दिल्लीलाच नेऊन राहिले. तू कुठं आहेस?"

खोटं बोलवेना, म्हणून "बाहेर आहे" म्हटलं.

"बाहेर? हे ट्रकचे हॉर्न कुठले? सिवनीपर्यंत आलीस की काय?"

मी हो म्हणून टाकलं.

"पागल आहेस. एकाहत्तरच्या लढाईत तुझी आजी खाटेवर होती, तरी याच फॅक्टरीत मी एक शिफ्ट सोडली नव्हती. चलो, घरी जा." मग पुढे, "चहा पिऊन जा. जावईबापूंनाही पाज."

विमानाचं दार लागेपर्यंत आम्ही बोलत राहिलो... गोळ्या घेतल्या का, जेवायला काय दिलं, शेजारचे सरदारजी किती घोरतात. चहा केव्हाच गार झाला होता.

सोमवारी मी शिफ्टला वेळेवर होते. त्याच सरदारजींनी बाबांना दिल्ली स्टेशनवर नेऊन जबलपूरच्या गाडीत बसवलं. मी त्यांना पाहिलेलंही नाही... आता बाबा घरी आहेत, झोप काढून राहिले.

सिवनीपर्यंत धावत जाणं हा शहाणपणा नव्हता, हे मला कळतं. पण सहा महिने आमच्यात दहा हजार किलोमीटर होते, आणि त्या संध्याकाळी थोडा वेळ फक्त सव्वाशे. तेवढ्या जवळ जायला मिळालं... मी त्यातच खूश आहे.