वाडीचं तोंड

आमच्या वाडीतला धाकू तात्या स्वतःविषयी बोलताना कधी 'मी' म्हणाला नाही. ताप आला तरी "आमाला जरा कसकस हाय" म्हणायचा. नवखा माणूस विचारायचा, "आणखी कोण आजारी?" घरात दुसरं कोणी नव्हतंच. बायको कधीच गेलेली, एकुलता पोरगा सुरेश मुंबईला गिरणीत.

मोठेपणासाठी बोलायचा असं नव्हे. त्याच्या घराण्याकडे गाऱ्हाण्याचा मान. शिमग्यात देवाची पालखी दारोदार फिरते, तेव्हा प्रत्येक घरासाठी देवाकडे मागायचं ते तात्याने, बाकीच्यांनी फक्त "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मिसरूड फुटल्यापासून जो दुसऱ्यांचंच बोलत आला, त्याला 'मी' म्हणजे कोण हे कळणार कसं?

गाऱ्हाणं मात्र त्यानेच घालावं. कुणाच्या पोराचं लग्न अडलंय, कुणाची सून माहेरी बसलीय, कुणाची म्हैस आटलीय, सगळं त्याच्या तोंडात. आमच्या भाच्याचं नाव मी विसरलो होतो, तो विसरला नाही. स्वतःच्या दारात पालखी आली की मात्र, "वाडीचा बरा कर म्हाराजा," आणि संपलं.

आमची बायको तोंडाची फटकळ. एकदा पालखीला ओवाळता ओवाळताच तिने त्याला धरलं. "भावोजी, दुनियेच्या पोरांचं मागता. आपला सुरेश काय देवाला नकोसा झालाय?"

"वयनी, हा तोंड वाडीचा. आपल्यासाठी वापरला तर वाडी काय म्हणंल?"

"काय म्हणंल? पोराचा बाप म्हणंल."

तात्या हसला आणि पुढच्या दाराकडे चालू लागला.

मग गिरण्यांचा संप झाला आणि सुरेश यायचा बंद झाला. इकडे मुंबईकर शिमग्याला रिकाम्या हाताने येत नाही. पोरांना खाऊ, म्हातारीला लुगडं, देवाला काहीतरी. नोकरी गेलेल्याने यायचं कसं? तात्या शिमग्याआधी अंगण सारवून घ्यायचा आणि एस.टी.च्या वेळेला पाणंदीच्या तोंडाशी उभा राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "आमी जरा वारा खातोय."

त्यातच आमची बायको गेली. घरात भांडं पडलं तरी बरं वाटायचं, कोणीतरी आहे असं वाटे. वर्ष सरल्यावर पालखी दाराशी आली. तात्याने नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, हा एकटा पडलाय. ह्याच्या चुलीवर दोन घास शिजूंदे, आणि शिजलेलं ह्याच्या गळ्याखाली उतरूंदे." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी खाली बघत राहिलो. मी जेवत नाही हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

पुढचं दार त्याचंच. तिथे नेहमीसारखं "वाडीचा बरा कर," आणि "चला, उचला."

आमची बायको असती तर गप्प बसली नसती. मी पालखीपुढे जाऊन उभा राहिलो. "देवा, ह्याचा सुरेश घरी येवंदे. रिकाम्या हाताने येवंदे, पण येवंदे."

कोणी होकार दिला नाही. मान नसलेल्याने मागितलेलं, त्याला होय म्हणायचं कसं? पालखीचा मुख्य मानकरी गावकर म्हणाला, "काय रे, तुला कुणी सांगितला बोलायला?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुमाला दिसत नाय?"

सगळे तात्याकडे बघू लागले. तो हातातल्या नारळाच्या शेंड्या उपटत उभा होता. मग खालमानेनेच म्हणाला, "व्हय म्हाराजा." एरवी त्याचा आवाज नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना ऐकू जायचा. हा माझ्यापर्यंत कसाबसा पोचला. मग बाकीचेही म्हणाले.

सुरेश त्या शिमग्याला आला नाही. भाताची लावणी उरकली आणि तात्या झोपेतच गेला. निरोप पोचून सुरेश आला, तोवर चितेची राख झाली होती.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. "काका, बाबा माझ्याविषयी काही बोलायचे?"

"नाही."

"रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने येऊ? गाऱ्हाणं घालणाऱ्याचा पोरगा मी."

"तू यावास म्हणून देवाला मागितलं होतं. मी मागितलं. बाप तुझा होय म्हणाला."

त्याने माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाला, "मोठ्याने म्हणाले?"

"नाही," मी म्हटलं. "पण सगळ्यांनी ऐकलं."