सुरीचे डोळे

अलिबागच्या आमच्या छापखान्यात हरेश्वर कागद कापायचं मशीन चालवतो. भित्रा किती, तर रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाताना लाँचच्या मधोमध डोळे मिटून बसतो. "हरेश्वरा, बुडायचं असेल तर सगळेच बुडू रे!" असं आम्ही त्याला चिडवतो. हाताला मात्र चोख. त्याने कापलेली लग्नपत्रिका कधी तिरकी निघायची नाही.

गेल्या खंडेनवमीला त्याने मशीन पुसलं, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. या मशीनला समोर दोन डोळे आहेत. सुरीखाली हात गेला की त्यांना कळतं आणि सुरी जागच्या जागी थांबते. पूजेत नेमके डोळेच कसे वगळायचे? त्याने त्यांनाही तेलात कालवलेलं कुंकू लावलं. दसरा झाला आणि मशीन हलेना. कुंकू फटीत शिरलेलं, पुसून निघेना, आणि डोळ्यांना वाटे सारखा हातच आडवा आलाय. काशीदच्या एका हॉटेलची मेनूकार्डं खोळंबलेली. शेवटी हरेश्वरने एक वायर जोडून डोळेच बाद केले. उद्या काढू म्हणाला, आणि असला उद्या कधी उजाडतो का! हे सगळं मला त्यानेच सांगितलं, पण सगळं उघडं पडल्यावर.

मग एकदा कागद सारखे करताना सुरी उतरली आणि त्याची बाही कापून गेली. हाताला ओरखडाही नाही. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला. बायकोने, सगुणाने बाहीचं विचारलं, तर म्हणाला, "खिल्याला अडकली."

छापखान्याच्या मालकांना, परेशशेठना सांगायची सोय नव्हती. माणूस मनाने वाईट नाही, पण तोंडाचा पट्टा सुटला की आवरत नाही. "मशीन बिघडवलंस? उद्यापासून घरी बस!" हे त्यांचं बोलणं नुसतं बोलणं नसायचं. सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर हात. हरेश्वर रोज जीव मुठीत धरून कापत होता.

अशात छापखानेवाल्यांच्या संघटनेने सरकारच्या सुरक्षा खात्याशी करार केला. सक्ती नाही, ज्याला पटेल त्याने यावं. अधिकारी आधी कळवून येणार, आपणच आपली चूक दाखवली तर दंड नाही, दुरुस्तीला मुदत. शेठनी हौसेने सही ठोकली. कामगारांचा प्रतिनिधी म्हणून हरेश्वरला नेमलं, कारण हा तोंड उघडणार नाही याची खात्री! त्याचा उतरलेला चेहरा बघून मी म्हटलं, "दंड नाही रे, घाबरतोस काय?"

"दंड शेठला न्हाय," तो म्हणाला. "माझं काय?"

ठरल्या दिवशी खात्याच्या सुचिता मॅडम आल्या. सगळीकडे हिंडून कटिंग मशीनपाशी थांबल्या. "हे डोळे चालतात ना?"

"चालतात म्हणजे!" शेठ खुशीत आले. "मीच दाखवतो."

मॅडम म्हणाल्या, "हात नको, पुठ्ठा घाला." पण ऐकतील ते शेठ कसले! त्यांनी अंगठ्यांसकट उजवा हात सरळ सुरीखाली ठेवला. "हरेश्वर, दाब कळ."

हरेश्वरचं बोट कळीवर होतं. चेहरा पांढराफटक.

"अरे दाब ना! मॅडमसमोर शोभा करतोस?"

त्याने कळीवरून बोट काढलं, भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला आणि तिथेच मटकन खाली बसला. छापखान्यातली सगळी मशीनं बंद पडली.

"हात काढा, शेठ. सुरी थांबायची न्हाय. डोले बंद हायत. मीच केलेत."

शेठनी हात काढला आणि दुसऱ्या हातात घट्ट धरला. मॅडमनी दंड लावला नाही. डोळे दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद, एवढंच सांगितलं आणि हरेश्वरला पाणी दिलं.

आता आभाळ कोसळणार म्हणून आम्ही सगळे उभे. शेठ त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"भ्या वाटायचा."

"सुरीखाली हात घालायची भीती नाही वाटली?"

"वाटायची ना," हरेश्वर म्हणाला. "पन तुमच्यापेक्षा कमी."