बटणावरचा हात

लढाईच्या दिवसांत आमच्या मराठी मंडळात संध्याकाळी रेकॉर्डी लावायचे ते दिवसभर कारखान्यात तोफा जोडणारे एक फिटर. सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणत. एक रेकॉर्ड दबक्या आवाजाची, दुसरी कर्कश. पण ऐकणाऱ्याला फरक कळत नसे, कारण भाऊंचा हात आवाजाच्या बटणावरून निघतच नसे. मला त्याचं भारी कुतूहल.

"काहून हो भाऊ, घडीभर हात काढत नाही?" मी एकदा विचारलं.

"अन् कोणी दचकलं तर, भैया?"

तेवढ्यात कारखान्याकडून चाचणीच्या तोफेचा धमाका आला. खिडक्या थरथरल्या. भाऊंनी झटकन बटण खाली फिरवलं आणि गाणं बुडालं. दुसरा धमाका तेवढाच मोठा झाला. भाऊंनी बटण आणखी खाली फिरवून पाहिलं.